हाकेची पट्टी

ठकी येईपर्यंत कुणी विषय काढायचा नाही, असं रविवारी सकाळी घरात ठरलं होतं. ठरवलं घड्याळजींनी, आणि मोडलंही त्यांनीच.

नातीच्या, चिमणीच्या गळ्याबद्दलची डॉक्टरांची चिठ्ठी अक्कांच्या खोलीत टेबलावर, पाण्याच्या पेल्याखाली दाबून ठेवलेली होती. तिच्यावर तीनच ओळी होत्या. गळ्याला सूज आहे. तीन आठवडे गाणं पूर्ण बंद. बोलायला हरकत नाही, पण बेतानं, आणि कुजबुजायचं मात्र अजिबात नाही. त्या तीन ओळी घड्याळजींनी कालपासून इतक्यांदा वाचल्या होत्या, की कागदाची घडी मऊ पडली होती. संगीत विद्यालयाची निवड चाचणी सोळा दिवसांवर आली होती. पंधरा वर्षांच्या आतल्या मुलींना तिथं वर्षातून एकदाच ऐकतात, आणि चिमणीला दोन महिन्यांनी पंधरा पूर्ण होत होती. म्हणजे जायचं तर याच वेळी. पुढच्या वर्षी ते दार तिच्यासाठी बंद.

"तीन आठवडे म्हणजे अगदी एकवीस दिवस धरायचे का गं, अक्का?" त्यांनी थोरल्या बहिणीला विचारलं. "डॉक्टर लोक जरा वाढवूनच सांगतात. आम्ही नाही का, घड्याळ मंगळवारी तयार होणार असलं तरी शुक्रवार सांगतो."

अक्का फडक्यानं तंबोऱ्याची खुंटी पुसत होत्या. "आणि मंगळवारच्या आधीच देऊन टाकलंस तर?"

"चार दिवसांत बंद पडून दुकानात येतं," घड्याळजींनी कबूल केलं.

"मग झालं तर, बाळ्या."

सदुसष्ट वर्षांच्या माणसाला बाळ्या म्हणणारं आता जगात एकच माणूस उरलं होतं, म्हणून त्यांना त्याचा राग येत नसे. पण आज जीव थाऱ्यावर नव्हता. मुलगा वर्षातले दहा महिने जहाजावर, त्यामुळे या नातीला त्यांनीच अंगाखांद्यावर वाढवलं होतं. खाली दुकानात, काउंटरमागच्या फळीवर, भिंतीवरच्या घड्याळांच्या शेजारी तिची सहा बक्षिसं ओळीनं मांडलेली होती. आलेलं गिऱ्हाईक घड्याळाकडे बघतंय की बक्षिसांकडे, हे ते नजरेनंच ताडत, आणि नुसतं घड्याळाकडे बघणाऱ्याशी जरा तुटक वागत.

चिमणी आत्ता तिथंच, दुकानात बसली होती. आपल्याबद्दल मोठी माणसं बोलत असताना तिनं समोर नसावं, म्हणून तिच्या आईनं तिला खाली धाडलं होतं. गळ्यात दोरीनं पाटी अडकवून. डॉक्टरांनी बेतानं बोल म्हटलं होतं, पण आई पडली शाळेत शिकवणारी. बेतानं म्हणजे किती, हे ठरलेलं नसेल तर त्यापेक्षा शून्य बरं, असं तिचं गणित. सकाळी चिमणीनं पाटीवर 'मला कंठाळा आला आहे' असं लिहिलं, तेव्हा आईनं आधी ठ खोडून ट केला आणि मग तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

आई, म्हणजे घड्याळजींची सून, चहाचे पेले घेऊन वर आली तेव्हा विषय निघालेलाच होता. मग तिनंही आडपडदा ठेवला नाही. आवाज तिचाही बसलेला होता. बेचाळीस मुलांच्या वर्गापुढे पंधरा वर्षं बोलून तो कायमचा तसाच झाला होता. ती म्हणाली की डॉक्टरांचं डॉक्टरांपाशी, पण अक्कांनी चाळीस वर्षं गळे घडवलेत. सोळा दिवसांपुरती एखादी युक्ती त्यांना नक्की ठाऊक असेल. चिमणीला फक्त दहा मिनिटं गायचंय. सासऱ्यांनी मान डोलावली. या बाबतीत सासरा आणि सून एका पारड्यात होते, आणि ठकी आली की पारडं अजून जड होईल असा दोघांचा होरा होता. ठकी अक्कांची मुलगी खरी, पण गाण्याच्या बाबतीत तिनं आईची बाजू कधी घेतल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

अक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"चिमणी हाक कशी मारते?"

"कुणाला?" सून म्हणाली.

"कुणालाही. तुला."

सुनेनं आठवून बघितलं. तिला आठवेना. या घरात हाका मारायचं काम तिचं होतं. ऊठ, जेव, चल, रियाजाला बस. चिमणी फक्त 'आले' म्हणायची.

एवढ्यात जिन्यावर जड पावलं वाजली. अक्कांचा रविवारचा विद्यार्थी आला होता.

सुनेला वाटलं, अक्का आज त्याला परत पाठवतील. अक्का म्हणाल्या, त्याला वेळ दिलीय, आणि तुम्ही दोघं बसलात तरी चालेल, फक्त बोलू नका.

घड्याळजी तेवढ्यात जाऊन आंघोळ उरकून येतो म्हणाले. सून बसली. या घरात येऊन तिला सोळा वर्षं झाली होती, पण अक्कांची शिकवणी अशी समोर बसून तिनं कधी बघितलेली नव्हती. तिनं बघितलं होतं ते फक्त कपाटाचं दार. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात पांघरूण शोधताना तिनं ते उघडलं होतं. आतल्या बाजूला, खालपासून वरपर्यंत, पेन्सिलीच्या आडव्या रेघा आणि प्रत्येक रेघेपुढे नाव, तारीख. पोरांच्या उंचीच्या खुणा, असं ती समजली. मग लक्षात आलं, की बुटका पोस्टमन सगळ्यात वर आहे आणि ताडासारखी उंच शिंपीण त्याच्या खाली. विचारलं तेव्हा अक्का हसल्या. ही उंचीच आहे, म्हणाल्या, पण अंगाची नाही. प्रत्येक माणसाचा आवाज पेटीवरच्या एका पट्टीवर राहतो. तिथून तो वर जातो, खाली जातो, पण राहायला असतो तिथंच. ती पट्टी सापडली, की मी इथं रेघ मारते. सापडेपर्यंत शिकवत नाही.

आणि तिथंच माशी शिंकली होती. दोन वर्षांपूर्वी सून चिमणीला घेऊन वर आली, तेव्हा अक्कांनी सांगितलं होतं की आधी काही महिने पोर नुसती इथं येऊन बसेल, ऐकेल, बोलेल. पट्टी सापडली की मग बघू. आणि पहिलं वर्षभर तिला कुठंही उभी करायची नाही. सुनेला ते पटलं नाही. तिच्या शाळेत जूनमध्ये पुस्तक उघडतं आणि मार्चमध्ये मिटतं. मधे नुसतं बसणं नसतं. तिनं चिमणीला गायनवर्गात घातलं. मोठा हॉल, चाळीस मुली, एक पेटी, सगळ्यांना एकच पट्टी, काळी पाच. स्पर्धांमध्ये ती पट्टी चमकून दिसते, असं वर्गाच्या बाईंनी सांगितलं. आणि दिसली ना. सहा बक्षिसं आली.

आजचा विद्यार्थी बेकरीवाला होता. दारातून यायला तिरपं व्हावं लागेल एवढा माणूस, आणि आवाज लाजऱ्या मुलीसारखा. हा त्याचा चौथा रविवार. आधीचे तीन रविवार अक्कांनी त्याच्याशी फक्त भट्टीबद्दल गप्पा मारल्या होत्या, आणि तो प्रत्येक वेळी जाताना, गाणं कधी सुरू होणार, हे विचारायला लाजला होता. आजही त्या तेच विचारायला लागल्या. पाव जळायला आला, तर मागच्या खोलीतल्या माणसाला कसं कळवता? तो म्हणाला, हाक मारतो. कशी? त्यानं सुनेकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, अशीच आपली, साधी. अक्कांनी आग्रह केला नाही. त्यांनी विचारलं, कधी जळले का हो पाव?

एकदा जळले होते. तो सांगू लागला. दोनशे पाव होते, एका शाळेच्या सहलीसाठी, आणि मागचा माणूस फोनवर बोलत होता. सांगता सांगता त्याचे हात हलायला लागले, डोळ्यांपुढे भट्टी आली, सुनेचा विसर पडला, आणि तो मोठ्यानं म्हणाला, "अरे काढ, काढ, काढ!"

तिसरा 'काढ' हवेत असतानाच अक्कांचं बोट पेटीच्या एका पट्टीवर पडलं होतं. ती पट्टी आणि तो 'काढ' एकमेकांत असे मिसळले, की कुठला कुणाचा ते सुनेला कळेना.

"ऐका," अक्का म्हणाल्या. "हे तुम्ही."

तो माणूस पेटीकडे असा बघत राहिला, जणू तिच्या आत कुणीतरी त्याचा फोटो ठेवलाय.

मग अक्कांनी तंबोरा त्या पट्टीला लावला. आता तोच शब्द म्हणा, पण भट्टी विझलेली आहे, घाई नाही. त्यानं लांब 'काढ' म्हटलं. परत, अक्का म्हणाल्या. अजून लांब. परत. आता ढ सोडून द्या. परत. आता क पण सोडून द्या. उरला नुसता आकार, रुंद, कोमट, बेकरीतल्या सकाळसारखा.

सुनेनं मोजलं नाही, पण 'परत' पंचवीस-तीस वेळा तरी आला असेल. 'चूक' एकदाही नाही. तिच्या पर्समध्ये दोन लाल पेनं होती आणि ती महिन्याला संपत. तिनं अजून एक गोष्ट पाहिली. माणसाचा सूर मधेच घसरला, की अक्का त्याला वर ओढत नव्हत्या. त्या स्वतः खाली जात होत्या. जिथं तो चुकून पोचलाय, तिथं जाऊन त्याच्याबरोबर क्षणभर उभ्या राहत होत्या, त्याचाच चुकलेला सूर त्याच्या शेजारी गात होत्या, आणि मग दोघं मिळून चालत वर येत होते. एवढी वर्षं जिन्यातून ऐकू येणारा तो 'परत' म्हणजे 'पुन्हा', असंच तिला वाटत होतं. आज तिला वाटलं, त्याचा दुसराही अर्थ आहे. परत म्हणजे माघारी. घरी.

जाताना बेकरीवाल्यानं स्वतः कपाटाचं दार धरून ठेवलं आणि अक्कांनी त्याची रेघ मारली. तो बराच वेळ आपल्या नावाकडे बघत होता. सुनेनं चहाचे पेले गोळा केले. तिला राग आला होता, पण कुणाचा, हे अजून नीट कळलं नव्हतं.

ठकी जिन्यातच बेकरीवाल्याला भेटली. त्याचा चष्मा तिच्याच दुकानातला. उजवी काडी वाकलेली बघून तिनं तिथंच, पायरीवर उभं राहून, पिशवीतून बारीक पेचकस काढला आणि ती सरळ करून दिली. ठकीच्या पिशवीत सगळं असे, आणि ती पिशवी ती कधी कुठे ठेवून येत नसे. ठकी एकवेळ डोकं विसरेल, पिशवी विसरायची नाही, असं घरात म्हणत.

अजून एक गोष्ट घरात म्हणत. ठकीला गाण्याची आवडच नव्हती. मुलखाची आळशी. सोळाव्या वर्षी आईच्या मागं साथीला बसली होती, भर मैफलीत आवाज फाटला, तर रुसली आणि गाणं सोडलं ते सोडलंच. या गोष्टीला पस्तीस वर्षं झाली होती. ठकी स्वतःही ती हसत हसत सांगायची, आणि शेवटी म्हणायची, आळसाचं फळ गोड असतं, मला तर भरभराटीचं दुकान मिळालं.

ती आत आली, तेव्हा आंघोळ उरकून आलेल्या घड्याळजींसकट तिघंही तिच्याकडे बघत होते. तिनं पिशवी खुर्चीवर ठेवली, चिठ्ठी वाचली. सून आणि घड्याळजी काय ऐकायची वाट बघतायत, हे तिला दिसत होतं.

"सोळा दिवसांत काय होतंय?" ती म्हणाली. "नवा चष्मा सरावाचा व्हायलासुद्धा आठवडा जातो. हा तर गळा आहे."

घड्याळजींनी मिशीवरून हात फिरवला. सून एकटी पडली, आणि एकटं पडलेलं माणूस करतं तेच तिनं केलं. तिनं मुळावरच घाव घातला.

"मला एक सांगा, अक्का." तिचा आवाज बसलेलाच होता, पण आता थरथरत होता. "तुमची खोली आमच्या डोक्यावर. चिमणी रोज दीड तास खाली गाते. तुम्हाला त्या माणसाच्या ओरडण्यात त्याचा सूर सापडतो. मग आमची पोर नको तिथं गातेय, हे दोन वर्षांत एकदाही ऐकू आलं नाही?"

"आलं."

"कधी?"

"पहिल्या आठवड्यात." अक्कांनी तंबोरा भिंतीशी टेकवला. "तीनदा जिन्यापर्यंत आले. तीनदा माघारी फिरले."

"का पण?"

अक्कांनी सुनेकडे बघितलं नाही. ठकीकडे बघितलं. ठकीला आपल्या आईची ती नजर ओळखीची नव्हती. शिकवताना आई नेहमी विद्यार्थ्याच्या गळ्याकडे बघायची. आज ती डोळ्यांत बघत होती.

"कुठल्या तोंडानं सांगणार होते? ठकी आळशी नव्हती. या घरात तेवढं एक खोटं मी चालू दिलं, कारण त्यात माझी सोय होती. माझी पट्टी काळी पाच. माझ्या आईचीही तीच. मला वाटलं, जी घराची पट्टी ती पोरीची पट्टी. तिला कधी विचारलंच नाही. रोज शाळेतून आली, की खालून मला हाक मारायची. आणि ती हाक किती खालून येते, हे मी, गाणं शिकवणारी बाई, दहा वर्षांत एकदा ऐकलं नाही. ती फाटली, तेव्हा ऐकलं. मी बहिरी होते गं."

अक्कांनी कपाटाकडे बोट दाखवलं.

"हे दार त्यानंतर सुरू झालं," अक्का म्हणाल्या. "त्यावर सगळ्यांच्या रेघा आहेत. तुझी नाही."

ठकीला त्या क्षणी सगळ्यात विचित्र वाटलं ते हे, की तिनंही ती आळसाची गोष्ट खरी मानली होती. पस्तीस वर्षं ती दुकान सकाळी सगळ्यात आधी उघडत होती, रात्री सगळ्यात शेवटी बंद करत होती, आणि तरी स्वतःला आळशी समजत होती. तिनं चष्मा काढला आणि पुसला. तो स्वच्छच होता.

घड्याळजी खाकरले. "मी म्हणालो होतो तुला, अक्का. पोरीचं घड्याळ पुढं पळतंय, कमान तुटेल, असं म्हणालो होतो."

"म्हणाला होतास."

"पण एकदाच म्हणालो." ते आपल्या हातांकडे बघत होते. "आणि चिमणीच्या वेळी तर एकदाही नाही. मला बक्षिसं ऐकू येत होती."

मग ते सुनेकडे वळून, जरा वातावरण सैल व्हावं म्हणून म्हणाले, की सूनबाई, त्या वर्गानं आपल्या दोघांना चांगलीच पट्टी पढवली. सून हसली नाही. पण तिच्या खांद्यांतला ताठरपणा गेला, आणि ती अक्कांच्या शेजारी, सतरंजीवर बसली. इतकी वर्षं ती या खोलीत खुर्चीवरच बसत आली होती.

तेवढ्यात खालून हाक आली.

"आबा, गिऱ्हाईक आलंय."

दोन जिने चढून ती हाक वर आली, तरी तिच्यात ओरडणं नव्हतं. खालची, गोल, भरीव हाक. सुनेला क्षणभर वाटलं ठकीच बोलली, आणि तिनं वळून बघितलं; पण ठकी तर समोर होती, तोंड मिटून, हातात चष्मा धरून.

"ही चिमणी होती?" सुनेनं विचारलं.

अक्कांचं बोट पेटीवर होतं. त्यांनी ती पट्टी दाबली, सोडली, परत दाबली. "पांढरी चार," त्या म्हणाल्या. "काळी पाचच्या पाच पट्ट्या खाली. रोज दीड तास पोर टाचा उंचावून चालत होती."

घड्याळजी खाली गेले आणि त्यांनी चिमणीला वर पाठवलं. पाटी छातीशी धरून ती दारातच उभी राहिली. न बोलण्याचा नियम मोडला म्हणून रागावतील, असं तिला वाटत होतं. तिनं घाईघाईनं लिहायला खडू उचलला, तर आईनंच तो तिच्या हातातून घेतला.

"बोल," आई म्हणाली. "हाक मारलीस ना, तशीच बोल. दुखलं का गं?"

चिमणीनं मान हलवली. मग शब्द वापरायचे आहेत हे आठवून, "नाही," म्हणाली. "हाकेला नाही दुखत."

"आणि गाताना?"

चिमणीनं अक्कांकडे, मग ठकीआत्याकडे बघितलं. "वरचा सूर लावला, की डोळ्यांपुढे ठिपके येतात. काळे."

"कधीपासून?"

"तिसऱ्या बक्षिसापासून." मग ती पुढं म्हणाली, "आबांनी फळीवर पुढच्यासाठी जागा करून ठेवली होती, म्हणून नाही सांगितलं."

आईनं तिला जवळ ओढलं. मग तिनं स्वतःच सांगितलं, अक्कांवर ढकललं नाही, की चाचणीला आपण जायचं नाही. विद्यालयाला ती उद्याच कळवेल. चिमणी रडली. तिला जायचं होतं. ठिपके खरे होते आणि जायचं होतं हेही खरं होतं, आणि तिच्या रडण्यात दोन्ही होतं. अक्कांनी तिला गप्प राहा म्हटलं नाही. रडू दे, म्हणाल्या, रडतेस ती पट्टी बरोबर आहे. तेव्हा रडता रडता ती हसली आणि तिला उचकी लागली.

आता काय करायचं, हे अक्कांनी सुनेला साध्या शब्दांत सांगितलं. तीन आठवडे चिमणी रोज इथं येऊन बसेल आणि इतरांचं ऐकेल. बोलेल नेहमीच्या आवाजात. त्यानंतर पांढरी चारवर एक सूर, तेवढाच, दिवसाला दहा मिनिटं. वर जायची घाई नाही. आवाज आपल्या घरात नीट राहायला लागला, की जिना आपोआप चढतो. कदाचित तिचं नाव कुठल्या फळीवर लागणार नाही. पण ती साठाव्या वर्षीही गात असेल.

"मला हे असं शिकवता येईल का?" सुनेनं अचानक विचारलं. "म्हणजे गाणं नाही. वर्गात. माझाही घसा..." आणि ती ओशाळली.

"मंगळवारी शाळा सुटल्यावर ये," अक्का म्हणाल्या. "मुलांना कशी हाक मारतेस, ते आधी ऐकू."

कपाट उघडलं. पेन्सिल अक्कांनी सुनेकडे दिली. सुनेनं पर्समधून लाकडी पट्टी काढली, मुलांच्या वह्यांत समास आखायची, आणि ती दारावर ठेवून रेघ मारली. पस्तीस वर्षांतल्या सगळ्या रेघा हातानं मारलेल्या, थोड्या थोड्या कललेल्या होत्या. त्यांत ही एकच सरळ. चिमणीनं स्वतःचं नाव लिहिलं आणि आईनं ते तपासलं नाही.

"अजून एक राहिलीय," अक्का म्हणाल्या.

ठकी समजली. ती उठली. म्हणाली, आई, मी एक्कावन्न वर्षांची आहे. म्हणाली, आता काय त्याचं. साडेबारा वाजून गेलेत, घरी जेवायला वाट बघत असतील. ती हे रागानं म्हणाली नाही, आणि म्हणूनच कुणी तिला थांबवू शकलं नाही. दारात घड्याळजी वर येताना भेटले, त्यांच्या खांद्याला तिनं हात लावला आणि जिना उतरून गेली. पावलं ऐकू येत राहिली, पहिला मजला, दुकान, मग रस्त्याचं दार.

"अरे, ठकीची पिशवी," घड्याळजी म्हणाले.

पिशवी खुर्चीवर होती. त्यांनी ती उचलली आणि ते वळले, तर अक्कांनी हात आडवा केला.

"कुणी हलायचं नाही, बाळ्या."

चौघं तशीच थांबली. खाली दुकानातली घड्याळं एकाच वेळी, प्रत्येक आपापल्या आवाजात, चालत होती. सुनेला वाटलं ठकी गेली. घड्याळजींना वाटलं, आता कोपऱ्यावर पोचली असेल. चिमणीला काहीच वाटलं नाही. ती पेटीपाशी बसून पांढरी चारवर बोट ठेवून होती, दाबत नव्हती, नुसतं ठेवलं होतं.

"आई..." रस्त्यावरून हाक आली. "माझी पिशवी राहिली वर."

चिमणीच्या बोटानं पट्टी आपोआप दाबली गेली. हाक आणि पट्टी खोलीत एकमेकींना भेटल्या, आणि कुठली कुणाची ते कळेना.

अक्का खिडकीशी गेल्या. खाली फुटपाथवर ठकी मान वर करून उभी होती, दोन्ही हात मोकळे. डोकं विसरेल पण पिशवी विसरायची नाही, अशी बाई. अक्कांनी खिडकीच्या चौकटीला धरलं. मागं घड्याळजी पिशवी पुढं करत होते, ती त्यांनी घेतली नाही. सुनेनं दारावर लाकडी पट्टी धरली, चिमणीच्या रेघेवरच, आणि पेन्सिल टेकवून वाट बघत राहिली.

"परत," अक्का म्हणाल्या.

खाली ठकीनं आधी इकडंतिकडं बघितलं, रस्त्यावर कोण कोण आहे ते. मग तिनं चष्मा काढला आणि पोटातून श्वास घेतला.